सुंभ जळतो, पीळ जात नाही

मे २०२४ च्या दहा-अकरा तारखेला पृथ्वीवर त्याआधीच्या वीस वर्षांतलं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात माजणारी खळबळ, येऊन गेलं. लडाखमध्ये हानले इथल्या वेधशाळेवरचं आकाश रात्री तांबूस झालं, युरोप-अमेरिकेत लोकांनी घराच्या अंगणात उभं राहून ध्रुवीय प्रकाश पाहिला, आणि आपल्याकडे जो वाद सुरू झाला तो प्रत्येक नव्या सौरज्वालेबरोबर, म्हणजे सूर्यावरच्या अशा स्फोटाबरोबर, पुन्हा डोकं वर काढतो. एक पक्ष म्हणतो, जग थोडक्यात बचावलं. पुढच्या खेपेला इंटरनेट महिनोन्‌महिने बंद, वीज गायब, उपग्रह भुईसपाट. दुसरा म्हणतो, एवढा गाजावाजा केलात आणि माझ्या मोबाइलची रेंजसुद्धा गेली नाही. १९६२ मध्ये आठ ग्रह एका राशीत आले त्या अष्टग्रहीतही असाच थरकाप उडवला होता, तेव्हा पंचांग होतं, आता नासा आहे. पहिल्याला भीतीची हौस आहे, दुसऱ्याला शहाणपणाची. माझं म्हणणं असं की दोघेही एकाच फूटपट्टीने मोजतात आणि ती फूटपट्टीच चुकीची आहे. ज्वाला केवढी, यावर दोघांचा सगळा हिशेब. पृथ्वीला काय भोगावं लागेल हे ठरतं ते त्या ज्वालेमागच्या चुंबकीय गाठीची घडण कशी आहे, ती कुठे सुटली आणि सुटल्यावर तिचा पीळ कुठल्या बाजूला वळलेला होता यावर.

बातम्यांत ‘एक्स वर्गाची ज्वाला’ असं येतं, त्याचा अर्थ आधी पाहू. ए, बी, सी, एम, एक्स अशा चढत्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी मागचीच्या दहापट. मोजलं काय जातं? पृथ्वीजवळच्या उपग्रहावर पडणारे क्ष-किरण. बस, एवढंच. वरातीतल्या बँडच्या आवाजावरून नवरदेव कुठल्या गावाला निघालाय हे ओळखण्याचा प्रकार आहे हा. शिवाय सूर्याच्या हिशेबात ज्वाला ही फार मोठी गोष्ट नव्हेच. मोठ्यातल्या मोठ्या ज्वालेत साधारण १० चा २५ वा घात इतके जूल ऊर्जा सुटते; तेवढी ऊर्जा सूर्य एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागात नुसत्या नेहमीच्या उन्हातून उधळत असतो. मग सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्या उन्हाला कुणी घाबरत नाही आणि ज्वालेला घाबरतो, ते का? कारण ती ऊर्जा साठते कशी आणि सुटते कशी, यात सगळं आहे.

चऱ्हाट वळताना कुणी पाहिलं असेल त्याला हे समजायला जड जाणार नाही. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सियसचा, सतत खदखदणारा. त्यातून चुंबकीय क्षेत्राच्या कमानी वर येतात. पाय पृष्ठभागात रोवलेले, माथा वरच्या कोरोनात, म्हणजे सूर्याच्या विरळ बाह्य वातावरणात. पाय जिथे रोवलेत ती जमीनच सरकते, गरगरते, एकमेकांवर घासते. कोरोनात वायू इतका विरळ की तिथे हुकूम चालतो तो चुंबकीय क्षेत्राचाच. त्यामुळे पायांकडून आलेला प्रत्येक पीळ वर कमानीत साठत जातो, तासन्‌तास, कधी कित्येक दिवस. ज्वालेची ऊर्जा म्हणजे हा साठलेला पीळ. हद्दीबाहेर पीळ दिला की दोर जसा मधेच उसळून वेटोळं घालतो, तशी ही कमान उसळते. ती वर उठताना तिच्याखालच्या रेषा ताणल्या जातात आणि विरुद्ध दिशांच्या रेषा अगदी जवळजवळ, पाठीला पाठ लावून उभ्या राहतात. त्यांच्यामध्ये विद्युतप्रवाहाचा एक पातळ पडदा तयार होतो. चुंबकीय पुनर्जोडणी घडते ती या पडद्यात: इकडची रेषा तिकडच्या रेषेला जोडली जाते, ताणलेल्या रेषा झटक्यात आखूड होतात, आणि साठवलेली ऊर्जा उष्णतेत, वेगात आणि कणांच्या माऱ्यात बदलते.

यानंतर जे होतं त्याचे दोन भाग आहेत, आणि सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. खालच्या अर्ध्यात नव्याने जोडलेल्या कमानी मिटतात, वेगवान इलेक्ट्रॉन त्यांच्या पायांवरून खाली धावतात, खालच्या दाट थरावर आदळतात, आणि तिथे दोन समांतर झळाळत्या पट्ट्या उमटतात. तापलेला वायू उसळून कमानी भरून टाकतो, तापमान कोटी-दोन कोटी अंशांवर जातं. वरवरच्या रेषा जसजशा जोडल्या जातात तसतशा त्या दोन पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतात. आपण जिला ज्वाला म्हणतो ती हीच. वरच्या अर्ध्यात मात्र पिळलेला दोर खालच्या बंधनातून मोकळा होतो आणि जमलं तर अब्जावधी टन प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, घेऊन अवकाशात निघून जातो. त्याला सीएमई (कोरोनल मास इजेक्शन) म्हणतात. हे चित्र कारमायकेल, स्टुरॉक, हिरायामा, कॉप आणि न्यूमन यांनी १९६४ ते १९७६ या काळात तुकड्या-तुकड्याने उभं केलं. पाच आद्याक्षरं जोडून त्याला दिलेलं नाव कुणालाच धड उच्चारता येत नाही, पण चित्र टिकलं. १३ जानेवारी १९९२ ला योहको या जपानी उपग्रहाने एका ज्वालेत कमानीच्या माथ्याच्याही वर कडक क्ष-किरणांचा स्रोत पाहिला. कमानीत नव्हे, तिच्या वर काहीतरी घडतंय, हे तेव्हा डोळ्यांना दिसलं.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मान्य करायला हवा, कारण तो घेणारा माणूस लहान नव्हता. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ हान्स आल्फवेन यांनीच प्लाझ्मात चुंबकीय रेषा गोठल्यासारख्या वाहून नेल्या जातात ही कल्पना मांडली आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढे तेच या कल्पनेच्या अतिरेकावर तुटून पडले: रेषा ही कागदावरची सोय आहे, ती तुटते आणि जुळते असं म्हणत तुम्ही खरे विद्युतप्रवाह विसरता. आल्फवेन बरोबर होते का? निम्मे. रेषा कल्पित आहेत, अक्षांशांसारख्या. पण एक उदाहरण घ्या. दोन टेकड्या, मध्ये खिंड, भोवती धरणाचं पाणी. पाणी खिंडीच्या खाली असेतो एकच बेट, एकच काठरेषा. पाणी चढून खिंड बुडाली की दोन बेटं, दोन काठरेषा. काठरेषा कुणी कात्रीने कापली? नाही. पण सकाळी या टेकडीवरून त्या टेकडीवर चालत गेलेला माणूस संध्याकाळी परत येऊ शकत नाही, हे खरंच आहे. पुनर्जोडणी अशी खिंडीत घडते. आता ‘हे सगळं संगणकावरचं’ असंही म्हणायला जागा उरलेली नाही: ऑक्टोबर २०१५ मध्ये नासाची एमएमएस नावाची चार यानं पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या सीमेवर थेट अशा खिंडीतून गेली आणि इलेक्ट्रॉनांच्या पातळीवर ही जोडणी मोजून आली.

दुसरी अडचण काळाची होती. स्वीट आणि पार्कर यांनी १९५६-५७ च्या सुमारास केलेलं गणित सांगत होतं की एवढ्या लांब पडद्यातून ऊर्जा सुटायला महिने, कदाचित वर्षं लागतील. ज्वाला तर मिनिटांत पेटते. १९६४ मध्ये पेचेक यांनी पडदा आखूड करून पाहिला. अलीकडची समजूत अशी की लांब पडदा स्वतःच अस्थिर होतो, त्यात गाठोळ्या पडतात, तो तुकड्या-तुकड्याने फाटतो आणि म्हणून वेग वाढतो. हा प्रश्न पुरता मिटलाय असं मी म्हणणार नाही. हजारो किलोमीटरच्या घटनेचा निकाल काही मीटर जाडीच्या थरात लागतो. असलं कोडं पन्नास-साठ वर्षं पुरलं तर नवल नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हणीतला अर्थ हट्टी माणसाबद्दलचा, पण पुनर्जोडणीचं याहून चांगलं वर्णन मला सापडलेलं नाही. ऊर्जेचा मोठा हिस्सा जळून जातो. रेषांचा एकूण पीळ, ज्याला भौतिकीत हेलिसिटी म्हणतात, तो जवळपास तसाच उरतो. ज्वाला हे सुंभाचं जळणं. पीळ सुटलेल्या दोराबरोबर निघतो आणि तो पृथ्वीच्या वाटेवर असला तर पंधरा तास ते तीन-चार दिवसांत येऊन थडकतो. सूर्याकडच्या सीमेवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे रोखलेलं आहे. आलेल्या दोरातलं क्षेत्र दक्षिणेकडे असलं तर दोन्ही क्षेत्रं विरुद्ध, म्हणजे पुन्हा तीच खिंड, तीच पुनर्जोडणी, आणि सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोताची, ऊर्जा दार उघडल्यासारखी आत येते. उत्तरेकडे असलं तर बराचसा तडाखा बाहेरून निघून जातो. हे जेम्स डंजी यांनी १९६१ मध्येच सांगितलं होतं. साठ वर्षं उलटली, तरी आपल्या बातम्यांत उत्तर-दक्षिण हे शब्द येत नाहीत. ‘एक्स’ तेवढा येतो.

हा भेद पुस्तकी वाटत असेल तर घडलेली उदाहरणं पाहा. ४ नोव्हेंबर २००३ ची ज्वाला इतकी प्रखर की उपग्रहावरचं मापक तुडुंब भरलं; अंदाज एक्स २८ चा. ती सूर्याच्या पश्चिम कडेला होती, पृथ्वीला मोठा फटका बसलाच नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये चोवीस वर्षांतला सर्वांत मोठा सूर्यडागांचा समूह आपल्या तोंडासमोरून गेला, सहा एक्स ज्वाला पेटल्या आणि त्यांतल्या एकीतूनही सीएमई सुटला नाही. वरच्या चुंबकीय कमानींनी दोराला पिंजऱ्यातल्यासारखं दाबून धरलं. ७ जानेवारी २०१४ ला सूर्याच्या ऐन मध्याजवळून एक्स ज्वाला झाली, मोठ्या वादळाचे इशारे दिले गेले, आणि दोर वाटेत बाजूला ढकलला जाऊन पृथ्वीला चाटून गेला. उलट १५ मार्च २०१५ ची ज्वाला नुसती सी वर्गाची. अंदाज किरकोळ वादळाचा. सतरा तारखेला त्या संपूर्ण, अकराएक वर्षांच्या सौरचक्रातलं सर्वांत तीव्र वादळ आलं. या चार नोंदी समोर ठेवून आकड्यावरून घाबरणाऱ्याने आणि आकड्यावरून हसणाऱ्याने आपापली पद्धत समजावून सांगावी.

हसणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र टाळण्यासारखा नाही. भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. ते आपल्या दक्षिण टोकावरूनच जातं. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्यूबेकचं वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं, साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. तसे जमिनीतले प्रवाह आपल्या अक्षांशांवर सहसा निर्माण होत नाहीत. विजेपुरतं पाहिलं तर नागपूर म्हणजे क्यूबेक नव्हे, हे मान्य. पण विषुववृत्ताजवळ आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, आधीच चंचल असतं आणि उपग्रहांच्या संदेशात त्यामुळे आपल्याकडे जी थरथर येते ती उंच अक्षांशांची मिरास नाही. रस्ता दाखवणारा फोन, विमानाचं उतरणं, उपग्रहावरून वेळ जुळवणाऱ्या यंत्रणा, हे सगळं त्यातून जातं. आणि उपग्रहांना अक्षांश कसले? फेब्रुवारी २०२२ मध्ये अगदी फुटकळ वादळाने वरचं वातावरण जरासं फुगलं, तर नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ स्टारलिंक उपग्रह वर चढू शकले नाहीत, जळून गेले. ‘मोबाइलची रेंज गेली नाही’ या कसोटीवर ही घटना घडलीच नव्हती.

आणि आपण दूर आहोत म्हणून हा विषय आपला नाही, असं म्हणणाऱ्याला मुंबईचाच दाखला द्यावा लागतो. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञांनी सूर्यावर पांढरा लखलखाट पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी जगभरचे चुंबक थरथरले, तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या वेळी युरोपातली बरीच उपकरणं पट्टीबाहेर गेली. कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र माणसं डोळ्यांनी वाचन घेत होती, आणि त्यांच्या नोंदवहीत घसरण उतरली: सुमारे १६०० नॅनोटेस्ला (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). मुंबईतल्या आडव्या चुंबकीय क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास. तासाची सरासरी काढली की हा आकडा बराच खाली येतो, त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण मे २०२४ मधली जागतिक घसरण चारशेच्या घरातली होती एवढं लक्षात घेतलं तरी पुरे. ध्रुवांजवळच्या गोंगाटापासून दूर असल्यामुळेच कुलाब्याची नोंद मोलाची ठरली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ती प्रसिद्ध केली आणि आज कॅरिंग्टन वादळ केवढं होतं हे सांगताना जग ज्या पानाचा आधार घेतं, ते पान कुलाब्याचं आहे.

हसण्याला एक थोर पूर्वजही आहे. १८९२ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष म्हणून बोलताना लॉर्ड केल्विन यांनी गणित मांडलं: एखाद्या मध्यम वादळाच्या आठ तासांत पृथ्वीचा चुंबक असा हलवायचा तर सूर्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकं काम करावं लागेल. अशक्य. म्हणून सूर्यडाग आणि चुंबकीय वादळं यांचा संबंध हा निव्वळ योगायोग. गणितात चूक नव्हती. चूक चित्रात होती. सूर्य म्हणजे सगळ्या दिशांना सारखा हलवणारा मोठा चुंबक असं त्यांनी धरलं होतं. १९०४ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ माउंडर यांनी वादळं साधारण सत्तावीस दिवसांनी, म्हणजे सूर्याच्या फेऱ्याबरोबर परत येतात हे दाखवलं आणि सूर्याचा प्रभाव अरुंद झोतांतून येतो असा निष्कर्ष काढला. केल्विन यांनी आकार मोजला, माउंडर यांनी घडण पाहिली. आजच्या वादात बहुतेक जण केल्विन यांच्याच बाकावर बसलेत, फक्त केल्विन यांच्याइतकं गणित न करता.

आता घाबरणारे. त्यांची बाजू मी हलकी लेखत नाही. जुलै २०१२ मध्ये कॅरिंग्टनच्या तोडीचा दोर खरोखरच सुटला होता. तो पृथ्वीच्या दिशेने नव्हता आणि वाटेतल्या स्टिरिओ या सूर्याचा वेध घेणाऱ्या नासाच्या यानाला लागला. समुद्राखालच्या केबल्समध्ये ठरावीक अंतरावर बसवलेले वर्धक वीज घेतात आणि त्यांना धोका संभवतो, हेही विचार करून मांडलेलं मत आहे. शक्यता कमी पण नुकसान प्रचंड, अशा संकटासाठी थोडी अतिशयोक्ती चालते, निदान लोक जागे तरी होतात, असा त्यांचा युक्तिवाद. पण लांडगा आला रे आलाची गोष्ट शाळेत शिकलेल्यांना हे पटावं का? कोकणातल्या बंदरावर बावटा लावतात तो पाहा. कोळ्याला ‘महाभयंकर वादळ’ असं कुणी ओरडून सांगत नाही. पाच, सहा, सात नंबरचे बावटे वेगळे आहेत, कारण वादळ बंदराच्या कुठल्या अंगाने जाणार की थेट डोक्यावरून, हे त्यांतून कळतं. त्यावरून वारा कसा फिरेल याचा हिशेब नाखवा आपला आपण करतो. ज्या समाजाने समुद्रासाठी दिशा सांगणारे बावटे शिकून घेतले, त्याला सूर्यासाठी एकच लाल पट्टी आणि मागे ढँण ढँण संगीत पुरतं, असं मानणं हा त्याचा अपमान आहे.

उरतो व्यवहारी माणसाचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड: ज्वाला कधी पेटणार हे सांगता येत नाही, दोराचा पीळ कुठल्या बाजूचा हे तो दाराशी येईपर्यंत कळत नाही, मग पावणेचारशे कोटींच्या आदित्य-एल१ या इस्रोच्या सूर्यवेधी यानाचा उपयोग काय? पहिल्या दोन गोष्टी खऱ्याच आहेत. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर बसलेला चुंबकमापक फार तर तासभर आधी सांगू शकतो. पण मोसमी पावसाचं काय होतं? १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे वर्षानुवर्षं जुळवले, त्यातून दक्षिणी आंदोलन, म्हणजे पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका, सापडलं, आणि त्यावरून केलेले पावसाचे अंदाज मात्र भरवशाचे निघाले नाहीत. त्या आंदोलनाचं एल निनोशी असलेलं नातं १९६९ मध्ये ब्यर्कनेस यांनी उलगडलं. वॉकर यांच्या आकड्यांना त्या दिवसाच्या उपयोगावर तोललं असतं तर आज जूनमध्ये एल निनोचं नाव ऐकून पेरणीचा विचार करणारा शेतकरी कुठून आला असता? आदित्यवरच्या सात उपकरणांपैकी पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडलेली सूट ही दुर्बीण अतिनील प्रकाशात ज्वालेचा खालचा अर्धा भाग पाहते, चुंबकमापक वरच्या अर्ध्याचा पीळ मोजतो. घटनेचे दोन्ही तुकडे एकाच यानावरून हाती लागण्याची ही सोय आहे. 

म्हणून मागायचं तर हे मागावं. ज्वालेच्या बातमीत वर्गाबरोबर ती सूर्याच्या कुठल्या भागात झाली ते सांगा. सीएमई सुटला की नाही ते सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आदित्यने मोजलेलं क्षेत्र उत्तरेला आहे की दक्षिणेला, ते पावसाच्या आकड्यासारखं मराठीत रोज मिळू द्या. आणि मापनं सलग चालू ठेवा, वादळ नसलेल्या दिवसांचीसुद्धा; शांत दिवस ठाऊक नसेल तर घसरण मोजणार कशावरून?

याचा दाखलाही जवळच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरलं तेव्हा कुलाब्याचे चुंबक त्या प्रवाहांनी बिघडणार हे वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांना दिसत होतं. १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. पण कुलाबा लगेच बंद केला नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुना आकडा नव्या आकड्याशी जुळवता यावा. तेव्हा १८५९ च्या त्या पानाकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. ते उपयोगी पडायला अजून शंभरेक वर्षं जायची होती.